न्यूरो वॉर्डमधला मुक्काम कशावर ठरतो? आजारावर, डॉक्टरांवर की सिस्टरांच्या संख्येवर?

"डिस्चार्ज कधी मिळेल?" न्यूरो वॉर्डात सकाळचा राउंड सुरू झाला की हा प्रश्न ठरलेला असतो. शेजारच्या कॉटवरचे आजोबा चौथ्या दिवशी घरी गेले आणि आपल्या वडिलांना पंधरा दिवस झाले तरी सुट्टी नाही, असं का? उत्तरात बहुतेक वेळा आजाराचं नाव येतं. झटका जोराचा होता, रक्तस्राव मोठा होता, वय झालंय, शुगर आहे. हे सगळं खरं असतं. तरीही सारख्याच वयाचे आणि सारख्याच तीव्रतेचा स्ट्रोक झालेले दोन रुग्ण दोन वेगळ्या वॉर्डांत गेले, तर दोघे एकाच दिवशी आणि एकाच अवस्थेत घरी जातील याची खात्री देता येत नाही. वॉर्डात कोण आहे, किती जण आहेत आणि रविवारी रात्री त्यातले किती उरतात, यावर बरंच काही अवलंबून असतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वेगवेगळ्या देशांनी हे मोजूनही पाहिलं आहे.

आधी हा आकडा समजून घेऊ

रुग्ण भरती झाल्यापासून सुट्टी मिळेपर्यंतचे दिवस म्हणजे त्याचा मुक्काम. अनेक रुग्णांची सरासरी काढली की वॉर्डाचा "सरासरी मुक्काम" मिळतो. न्यूरॉलॉजीत ही सरासरी हमखास फसवते. समजा दहा रुग्णांपैकी नऊ जण चार-चार दिवस राहिले आणि एक जण व्हेंटिलेटरवर गेल्यामुळे ६४ दिवस राहिला. सरासरी निघेल १० दिवस, आणि प्रत्यक्षात दहा दिवस कोणीच राहिलेलं नसेल. फिट येऊन गेलेला तरुण दोन दिवसांत घरी जातो, गियाँ-बारे सिंड्रोमचा रुग्ण दोन महिने राहू शकतो, आणि दोघांची नोंद एकाच वॉर्डाच्या रजिस्टरात होते.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. दुसऱ्या दिवशी रुग्ण दगावला, तर हिशेबात मुक्काम कमीच दिसतो. पैसे संपले म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घरी नेलं, तरी मुक्काम कमी होतो. म्हणून "आमच्याकडे सरासरी मुक्काम कमी आहे" ही जाहिरात ऐकली की पुढचा प्रश्न विचारायला हवा: रुग्ण घरी गेले, पण चालत की स्ट्रेचरवर?

रुग्णालयाच्या दृष्टीने मात्र या आकड्याला मोठं मोल आहे. वीस खाटांचा वॉर्ड कायम भरलेला आहे आणि सरासरी मुक्काम १० दिवसांचा आहे असं धरा. मग रोज सरासरी दोन खाटा रिकाम्या होतात, म्हणजे महिन्याला ६० रुग्ण. मुक्काम ८ दिवसांवर आला तर त्याच वीस खाटांवर महिन्याला ७५ रुग्ण सामावतात. एकही नवी खाट न घेता पंधरा जणांची सोय झाली. फक्त एक गोष्ट यात सहसा मोजली जात नाही. रुग्णाच्या सेवेत सर्वांत जास्त काम भरतीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि सुट्टीच्या दिवशी असतं. मधले निवांत दिवस कापले की वॉर्डात उरतात ते सगळे जड कामाचे दिवस. सिस्टर तेवढ्याच राहिल्या तर प्रत्येकीच्या वाट्याचं काम वाढतं.

दोन घोट पाणी, आणि वाढलेले दहा दिवस

स्ट्रोकच्या रुग्णाचा मुक्काम मेंदूतल्या गुठळीमुळे जेवढा लांबतो, तितकाच नंतरच्या गुंतागुंतींमुळेही लांबतो. न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, बेडसोर, पायाच्या शिरेत गुठळी. यातला न्यूमोनिया बऱ्याचदा एका साध्या गोष्टीतून सुरू होतो. स्ट्रोकमध्ये अनेकांची गिळण्याची क्रिया बिघडते, आणि ते बाहेरून पाहून कळत नाही. घसा कोरडा पडला म्हणून कोणी मायेने दोन घोट पाणी पाजतं. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. दोन दिवसांनी ताप येतो, मग अँटिबायोटिक, मग ऑक्सिजन, कधी आयसीयू.

हे टाळायला महागडं यंत्र लागत नाही. तोंडाने काहीही देण्याआधी प्रशिक्षित नर्सने गिळण्याची तपासणी करायची असते. त्याला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ असलेली नर्स लागते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, लघवीची नळी गरज संपताच काढणं, ताप आणि शुगर वेळेवर बघणं हेही तसंच. या कामांत वीरश्री वगैरे काही नाही. ती झाली तर काहीच घडत नाही, त्यामुळे ती कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधील १९ स्ट्रोक युनिटमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. काही युनिटमधल्या नर्सना ताप, शुगर आणि गिळणं या तीन गोष्टींची ठरलेली कार्यपद्धती शिकवली गेली आणि बाकीच्या युनिटना केवळ मार्गदर्शक सूचना दिल्या गेल्या. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले. ९० दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण साध्या सूचना मिळालेल्या युनिटमध्ये ५८ टक्के होतं, तर नर्सनी कार्यपद्धती राबवलेल्या युनिटमध्ये ४२ टक्के. कोणतंही नवं औषध नव्हतं. स्ट्रोकवरच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये इतका मोठा फरक क्वचितच दिसतो.

नॉर्वेतला एक वॉर्ड

स्ट्रोकच्या रुग्णांना वेगळा वॉर्ड आणि वेगळी टीम द्यावी, ही कल्पना आज सरळ वाटते. १९८०च्या दशकात तशी स्थिती नव्हती. नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइम शहरात २२० रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना स्ट्रोक युनिटमध्ये आणि निम्म्यांना साध्या मेडिसिन वॉर्डात ठेवलं गेलं. निकाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी स्ट्रोक युनिटमधले ५६.४ टक्के रुग्ण आपल्या घरी होते. साध्या वॉर्डातले ३२.७ टक्के.

पुढे अशा अनेक चाचण्या झाल्या. २०१३ पर्यंतच्या २८ चाचण्या आणि ५,८५५ रुग्ण एकत्र पाहिले तेव्हा स्ट्रोक युनिटमुळे मृत्यू आणि परावलंबन दोन्ही कमी होतात हे पक्कं झालं. तरुण असो वा म्हातारा, स्त्री असो वा पुरुष, झटका सौम्य असो वा तीव्र, फायदा सगळ्यांना होता. आणि रुग्णालयातला मुक्काम त्यामुळे सरसकट वाढला नाही. जास्त लोक जगतात, जास्त लोक स्वतःच्या पायावर घरी जातात, तरीही खाटा अडकून राहत नाहीत.

स्ट्रोक युनिटमध्ये असं वेगळं असतं तरी काय? डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि समाजसेवक ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात आणि प्रत्येक रुग्णाचा विचार करतात. घराला जिने किती, शौचालय कुठल्या पद्धतीचं, घरी दिवसा कोण असतं, हे प्रश्न भरतीच्या आठवड्यातच विचारले जातात. आपल्याकडे ते बहुतेकदा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुचतात, आणि मग फाउलर बेड भाड्याने मिळेपर्यंत आणखी दोन दिवस जातात.

शनिवार-रविवारचं गणित

आठवड्याच्या शेवटी भरती झालेल्या रुग्णांची अवस्था वाईट होते, असा समज जगभर आहे. इंग्लंडमध्ये त्याचं कारण शोधताना १०३ स्ट्रोक युनिटमधल्या ५६,६६६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी होती की शनिवार-रविवारी तज्ज्ञ डॉक्टरांचा राउंड होत नाही, म्हणून मृत्यू वाढत असावेत. प्रत्यक्षात सातही दिवस राउंड होणाऱ्या आणि न होणाऱ्या युनिटमध्ये मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक सापडला नाही.

फरक सापडला तो नर्सच्या संख्येत. शनिवार-रविवारी दहा खाटांमागे दीड नर्स असलेल्या युनिटमध्ये त्या दिवशी भरती झालेल्यांपैकी अंदाजे १५.२ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले. दहा खाटांमागे तीन नर्स असतील तिथे हे प्रमाण ११.२ टक्के होतं. म्हणजे दर २५ भरतींमागे एक जादा मृत्यू. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे नर्स वाढवल्या की मृत्यू नेमके तेवढेच कमी होतील असं त्यातून म्हणता येत नाही. डॉक्टर नको असाही अर्थ त्यातून निघत नाही. पण "रविवारी मोठे डॉक्टर आलेच नाहीत" ही तक्रार करणाऱ्या नातेवाइकांनी त्या दिवशी वॉर्डात सिस्टर किती होत्या हेही मोजायला हरकत नाही.

मुक्कामाच्या दिवसांशी नर्सच्या संख्येचा थेट संबंध दाखवणारं एक उदाहरण क्वीन्सलँडचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या या राज्याने २०१६ मध्ये कायदाच केला. निवडक सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत दिवसा चार रुग्णांमागे किमान एक आणि रात्री सात रुग्णांमागे किमान एक नर्स. हे वॉर्ड मेडिसिन आणि सर्जरीचे होते, फक्त न्यूरॉलॉजीचे नव्हेत. कायदा लागू झालेल्या २७ आणि न झालेल्या २८ रुग्णालयांची तुलना २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. प्रत्येक नर्सच्या वाट्याचा एक रुग्ण कमी झाला की मृत्यू आणि पुन्हा भरती होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी आणि मुक्काम ३ टक्क्यांनी कमी होत होता. नव्या नर्सच्या पगारावर जेवढा खर्च झाला, त्याच्या साधारण दुप्पट रक्कम टळलेल्या भरतींमधून आणि वाचलेल्या दिवसांमधून परत आली असा अंदाज संशोधकांनी मांडला. आर्थिक अडचण सांगून भरती थांबवणाऱ्यांनी हा हिशेब बघायला हवा.

दिवस घटले, मृत्यू घटले नाहीत

२०१० मध्ये लंडन आणि ग्रेटर मँचेस्टर या दोन्ही महानगरांनी स्ट्रोकची व्यवस्था बदलली. लंडनमध्ये आधी तीसच्या आसपास रुग्णालयांत स्ट्रोकचे रुग्ण जात. ते बंद करून आठ अतितातडीची युनिट उभी केली गेली. चोवीस तास तज्ज्ञ, जादा नर्स, आणि स्ट्रोकचा संशय असलेला प्रत्येक रुग्ण रुग्णवाहिकेतून थेट तिथेच. मँचेस्टरनेही केंद्रं निवडली, पण तिथे सुरुवातीला लक्षणं दिसल्यापासून चार तासांच्या आत पोहोचणाऱ्यांनाच प्रवेश ठेवला. बाकीचे पूर्वीसारखे जवळच्या रुग्णालयात.

२०१४ मध्ये परिणाम समोर आला. मुक्काम दोन्हीकडे कमी झाला, लंडनमध्ये प्रत्येक रुग्णामागे १.४ दिवसांनी आणि मँचेस्टरमध्ये २ दिवसांनी. ९० दिवसांतले मृत्यू मात्र देशभरातल्या घटीपेक्षा जास्त कमी झाले ते फक्त लंडनमध्ये. २१ महिन्यांत सुमारे १६८ जीव वाचले असा अंदाज आहे. मुक्कामाचा आकडा एकटा बघितला असता तर मँचेस्टर पुढे ठरलं असतं.

लवकर घरी पाठवायचं, पण कोणाच्या भरवशावर?

स्ट्रोकचा रुग्ण बरा होण्याआधीच घरी पाठवून उरलेली थेरपी घरी द्यायची, अशी पद्धत युरोपात रुळली आहे. २००५ मध्ये ११ चाचण्यांमधल्या १,५९७ रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. मुक्काम सरासरी ८ दिवसांनी कमी झाला आणि परावलंबी राहणाऱ्यांची संख्याही घटली. फायदा मुख्यतः सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांना झाला. अट एकच होती: रुग्णामागोमाग फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि नर्स यांची टीम घरी जात होती. माणसं कमी झाली नाहीत, त्यांची कामाची जागा बदलली.

भारतात अशी टीम कुठून आणायची? इथे घरची माणसं आहेत, मग त्यांनाच शिकवलं तर? हा प्रश्न अतिशय रास्त होता, आणि तो तितक्याच गांभीर्याने तपासला गेला. 'अटेंड' नावाच्या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांमधले १,२५० रुग्ण घेतले गेले. निम्म्यांच्या नातेवाइकांना रुग्णाची हालचाल, व्यायाम आणि रोजच्या क्रिया करून घेण्याचं प्रशिक्षण रुग्णालयात सुरू करून घरीही दिलं गेलं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण प्रशिक्षित गटात ४७ टक्के आणि नेहमीच्या गटातही ४७ टक्के.

नातेवाइकांच्या कष्टांत काही कमी नव्हती, हे भारतातल्या कुठल्याही वॉर्डात एक रात्र काढलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. नाकातल्या नळीतून भरवणं, कूस बदलणं, डायपर बदलणं ही कामं आपल्याकडे मुलगी, सून, पुतण्या करतात. त्यातलं बरंच काम आवश्यकही असतं. पण ते शिकलेल्या हातांची जागा भरून काढत नाही, असं ही चाचणी सांगते.

शिकलेल्या हातांचंही थोडं सांगायला हवं, कारण जास्त थेरपी म्हणजे जास्त फायदा असंही नसतं. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून चालवण्याचा प्रयोग झाला. २०१५ मध्ये कळलं की चांगल्या अवस्थेत राहणाऱ्यांचं प्रमाण त्यामुळे ५० वरून ४६ टक्क्यांवर आलं. कधी उठवायचं आणि किती, हे ठरवणं हाच कौशल्याचा भाग.

पुण्याने पाहिलेला लांब मुक्काम

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. संशयितांची संख्या २०० च्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं. बातम्यांमध्ये पाणी आणि महागडी इंजेक्शनं यांची चर्चा भरपूर झाली. वॉर्डातल्या मनुष्यबळाची फारशी झाली नाही.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो आणि दोन ते चार आठवडे वाढत राहू शकतो. साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. इम्युनोग्लोब्युलिनचा पाच दिवसांचा कोर्स संपला तरी नसा सावरायला आठवडे किंवा महिने लागतात. तोपर्यंत रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, सगळं ऐकतो, आणि त्याला हात हलवून माशीही हाकलता येत नाही. श्वासाची ताकद घटतेय का हे बघायला सिस्टर त्याला एका दमात आकडे मोजायला सांगते. सकाळी पंचवीसपर्यंत गेलेला रुग्ण रात्री बारावर थांबला, तर आयसीयूला कळवावं लागतं. हे मोजायला रात्री कोणी मोकळं असेल तर व्हेंटिलेटरची तयारी शांतपणे होते. नसेल तर धावाधाव होते.

आपल्या वॉर्डात एक सिस्टर किती जणांमागे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या पाहणीनुसार श्रीमंत देशांत दर लाख लोकसंख्येमागे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ, सर्जन धरून, ७.१ आहेत आणि सर्वांत गरीब देशांत ०.१. डॉक्टरांच्या टंचाईची ही चर्चा आपल्याकडे होते. नर्सच्या आकड्यांतली मेख मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मापदंडानुसार शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स हवी. वाचायला हे क्वीन्सलँडपेक्षाही चांगलं वाटतं. पण हे तीन पाळ्या मिळून आहे. त्याच मापदंडात पुढे स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक पाळीत नऊ खाटांमागे एक. क्वीन्सलँडचा दिवसाचा एकास चार हा आकडा त्या पाळीत प्रत्यक्ष उभ्या असलेल्या नर्सचा आहे. इंग्लंडमधल्या ज्या युनिटमध्ये मृत्यू जास्त आढळले, तिथेही सुट्टीच्या दिवशी सात खाटांना जवळपास एक नर्स होती. म्हणजे आपला कागदावरचा आदर्श तिथल्या वाईट रविवारपेक्षाही विरळ आहे. आणि तो आदर्श सगळी पदं भरलेली असतील, रजेवर कोणी नसेल, जमिनीवर गाद्या टाकून जादा रुग्ण घेतलेले नसतील तेव्हाचा.

रुग्ण न्यूरो वॉर्डात असेल तर नातेवाइकांना काही गोष्टी पहिल्याच दिवशी विचारता येतात, आणि त्या विचारण्यात उद्धटपणा नाही. गिळण्याची तपासणी झाली का, आणि ती होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं का? लघवीची नळी किती दिवस ठेवणार? फिजिओथेरपिस्ट रविवारी येतात का? रात्रपाळीला या वॉर्डात सिस्टर किती असतात? सुट्टीनंतर व्यायाम कोण घेणार, आणि पहिली तपासणी कधी? "डिस्चार्ज कधी" हा प्रश्न त्यांच्यानंतर विचारला तरी चालतो.